टाके

आधी अंगठा ऊन करून घ्यावा लागतो.
चिलोएच्या बेटांवर जुलै म्हणजे ऐन थंडी,
गारठलेल्या अंगठ्याने नडगी दाबली
की माणूस दचकतो, मग खरं बोलत नाही.

ओनेसिमो बार्रिया, वय बहात्तर, शिंपले काढणारा.
चुलीजवळच्या बाकावर पाय पसरून बसला.
दाबलं. पाच मोजले. अंगठा उचलला.
खळगा तसाच.
ओहोटीच्या ओल्या वाळूत पाऊल रुततं
आणि पाणी विचार करकरून माघारी येतं,
तसा भरत गेला तो.
मी एकोणतीसपर्यंत मोजलं.

"कधीपासून?"
"परवा-तेरवापासून. अहो, लोकर धुतल्यावर आटते,
मोजे काचतात, बाकी काही नाही."

एर्मेलिंदाने न बोलता फडताळातली वही काढली.
उधारीची वही. मागच्या पानांवर विणकामाचा हिशेब:
फेब्रुवारी, घोट्याशी छप्पन टाके.
एप्रिल, साठ.
मे, चौसष्ट. रात्री तीन उशा.
जून, बहात्तर. करडी लोकर संपली, काळ्या मेंढीची जोडली.

सोळा वर्षं मी या बोटीवर नर्स आहे,
इतका नेमका केसपेपर माझ्या हातून झाला नाही.
हृदय थकायला कधी लागलं ते कुणालाच सांगता येत नाही;
तिने ते सुईवर धरून ठेवलं होतं,
आणि नवऱ्याला काचू नये म्हणून
दर महिन्याला मुकाट्याने चार टाके वाढवले होते.

बोटीवर आडवं नेण्यासारखी जागा एकच.
मी त्याचं नाव लिहिलं. कास्त्रोचं इस्पितळ. भरती चारला.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. यास्ना. आठवा सरत आलेला.
"सातव्यात नुसती काडी होती," सासू कौतुकाने म्हणाली,
"आता बघा, पोरीनेपण कसं बाळसं धरलंय!"

बाळसं आणि सूज. लांबून सारखीच दिसतात.
कप ठेवणारा हात मी जवळून पाहिला.
अंगठी बोटात नव्हती,
गळ्यात, दोऱ्यात ओवलेली.
पापण्या जड, जणू आत्ताच रडून आलीय.
"डोकं दुखतं?"
"थोडंसं. आणि दिव्याभोवती माशा दिसतात."
जुलैत कुठल्या माशा?

वरचा एकशे ऐंशी. खालचा एकशे पंधरा.
दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पुन्हा पाहिलं.
चूल तडतडत राहिली.

म्हाताऱ्याला कुणी काही सांगितलं नाही.
तो वाकून मोजे चढवू लागला, धापा टाकत,
मध्ये दोनदा थांबून.
"माझं नाव खोडा," म्हणाला.
"माझं पाणी रांगतंय. हिचं पळत सुटलंय."

मी खोडलं.
पेन चालेना, दोनदा गिरवावं लागलं.
त्याला आठवड्याच्या गोळ्या दिल्या, मीठ बंद सांगितलं,
खारवलेला मासासुद्धा.
तेवढ्या एका गोष्टीवर मात्र तो भांडला.

यास्ना वाचली. पोटावर टाके पडले.
पोरगी पावणेदोन किलोंची, काचेच्या पेटीत,
मनगट माझ्या करंगळीएवढं.
अंगठी अजून दोऱ्यातच आहे.

ऑगस्टमध्ये वारा, दोन फेऱ्या रद्द.
तिसऱ्या खेपेला पोचले तेव्हा
ओनेसिमो त्याच बाकावर, पाय उशीवर.
कास्त्रोला समुद्र निवला की जाईन म्हणतो.
समुद्र केव्हाच निवलाय, हे त्याला माझ्याआधी कळलं असणार.

एर्मेलिंदा सुया आणि नवा गुंडा घेऊन समोर बसली.
"आता किती घालू?"

मी तळहात एकमेकांवर चोळले.
अंगठा ऊन व्हायला
त्या दिवशी फार वेळ लागला.